थंडीत क्वाड बाइक चालवताना पाय खाली टेकवू नका
बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला डिसेंबरात सकाळी उशिरापर्यंत दव असते, त्यामुळे तांबड्या मातीच्या वाटेवर क्वाड बाइक (दुचाकीसारखे हँडल असलेली, रुंद टायरची चारचाकी) वळणात घसरते. अशा वेळी दुचाकीच्या सवयीने पाय जमिनीवर टेकवू नये, कारण मागचे चाक त्याच पायावर चढते; गेल्या हिवाळ्यात आमच्यातील एकाच्या बुटाची टाच अशीच चाकाखाली सापडून उसवली, घोटा मात्र थोडक्यात वाचला. पाय फूटरेस्टवरच ठेवून अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावे. चढावर गाडी बंद पडल्यास ब्रेक धरून ठेवावा, आणि मागच्याने (हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे) पुढची गाडी माथ्यावर पोहोचेपर्यंत खालीच थांबावे. टायर गार असतानाच त्यातील हवा तपासावी. या रुंद टायरना मोटारीपेक्षा पुष्कळच कमी हवा लागते.