वाढत्या वजनाचे कारण आपल्या दिनक्रमात कसे शोधावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगातील दर आठ माणसांपैकी एक जण लठ्ठ होता. १९९० पासून प्रौढांमधील लठ्ठपणाचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले आणि किशोरवयीन मुलांमध्ये ते चौपट झाले. एवढ्या थोड्या काळात माणसाची जनुके बदलत नाहीत. आणि निरनिराळ्या खंडांतील कोट्यवधी लोकांचा मनावरचा ताबा एकाच सुमारास सुटला, हेही पटण्यासारखे नाही. बदलला तो भोवताल. अन्न बनवण्याची व विकण्याची पद्धत, कामाचे स्वरूप, प्रवासाची साधने, झोपेच्या वेळा हे सगळे दोन-तीन पिढ्यांत पालटले, आणि टंचाईला तोंड देण्यासाठी घडलेले शरीर मात्र जुनेच राहिले. म्हणून वजन आटोक्यात आणू पाहणाऱ्याने आहाराचा तयार तक्ता हाती घेण्याआधी आपल्या भोवतालाची तपासणी करावी, असे माझे मत आहे. ती कशी करावी, हे पुढे सांगितले आहे.

जनुकांचा यात काहीच वाटा नाही, असा याचा अर्थ नव्हे. माणसामाणसांच्या वजनातील फरकाचा मोठा भाग आनुवंशिक असतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. एफटीओ या जनुकाचा लठ्ठपणाशी असलेला संबंध २००७ मध्ये उघड झाला; त्याचा विशिष्ट प्रकार आई आणि वडील या दोघांकडूनही मिळालेल्या माणसांचे वजन, तो अजिबात न मिळालेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोंनी अधिक भरते. एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर वाढलेल्या दोघांपैकी एक सडसडीत राहतो आणि दुसरा सुटत जातो, याचे कारण बहुधा येथे असते. पण ही जनुके शंभर वर्षांपूर्वीही होती, आणि तेव्हा लठ्ठपणा इतका सर्रास आढळत नव्हता. वजन आधी कोणाचे वाढेल हे जनुके ठरवतात, तर किती जणांचे वाढेल हे भोवताल ठरवतो. आणि आपल्या हातात काही असेल तर ते या दुसऱ्या बाजूला आहे.

प्रथम मोजमाप

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. प्रौढांमध्ये तो २५ किंवा अधिक असल्यास वजन जास्त आणि ३० किंवा अधिक असल्यास लठ्ठपणा, असे मानले जाते. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये याहून कमी बीएमआयलाही मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढलेला दिसतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या आकड्यांपाशीच सावध होण्याचे सुचवले. मुलांना हे आकडे लावू नयेत. त्यांच्यासाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात.

बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, त्यामुळे कंबरेचा घेरही मोजावा. पुष्कळ जण पँट जिथे बसते तिथे टेप लावतात आणि तिथेच चूक होते. बरगडीचे सर्वांत खालचे हाड आणि कमरेच्या हाडाची वरची कड दोन्ही बोटांनी चाचपून पाहावीत आणि त्यांच्या बरोबर मध्यावर टेप लावावी. ती चारही बाजूंनी जमिनीला समांतर राहील आणि त्वचेत रुतणार नाही याची काळजी घ्यावी, आणि पोट आत न ओढता, नेहमीसारखा श्वास सोडल्यानंतर आकडा वाचावा. हा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल, तर पोटाच्या आत, अवयवांभोवती चरबी साठत असण्याची शक्यता आहे आणि तीच अधिक घातक असते. वजन सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापूर्वी पाहावे. शरीरातील पाण्यामुळे ते एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर हुरळून किंवा खचून जाऊ नये; आठवड्याची सरासरी काढावी.

आठवडाभराची नोंद

यानंतर एक आठवडा काहीही न बदलता फक्त लिहावे. किती कॅलरी झाल्या हे लिहिण्याची गरज नाही. काय खाल्ले, किती वाजता, कुठे बसून, कोणाबरोबर, समोर पडदा सुरू होता का, आणि खाण्यापूर्वी खरोखर भूक लागली होती का, एवढेच पुरे. नोंद जागच्या जागी करावी, रात्री आठवून नव्हे, कारण खाण्याच्या बाबतीत स्मरणशक्ती फारच सोयीस्कर वागते. कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या काही लोकांची १९९२ मध्ये अमेरिकेत काटेकोर तपासणी झाली, तेव्हा ते आपले खाणे सुमारे ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल सुमारे ५१ टक्क्यांनी जास्त सांगत असल्याचे आढळले. त्यांची चयापचयाची गती मात्र अपेक्षेप्रमाणेच होती. ही माणसे खोटे बोलत नव्हती. येताजाता तोंडात टाकलेले पदार्थ त्यांच्या लेखी खाणे नव्हतेच. आपल्या वहीत हेच पदार्थ सर्वांत आधी उतरायला हवेत.

अन्नाचे रूप

आठवडा संपल्यावर वहीतील प्रत्येक पदार्थापुढे तो घरी साध्या जिनसांपासून शिजवलेला होता की कारखान्यातून तयार होऊन आलेला होता, अशी खूण करावी. या एका खुणेला मी इतर सर्व आकडेमोडीपेक्षा अधिक महत्त्व देतो, आणि त्यामागे एक प्रयोग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांना चार आठवडे रुग्णालयात ठेवून घेतले. दोन आठवडे त्यांना अतिप्रक्रिया केलेले, म्हणजे कारखान्यात तयार झालेले अन्न दिले आणि दोन आठवडे प्रक्रिया न केलेले. वाढलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत कॅलरी, साखर, स्निग्ध पदार्थ, तंतू आणि मीठ सारखेच ठेवले होते, आणि हवे तितके खाण्याची मोकळीक होती. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अतिप्रक्रिया केलेले अन्न असताना तीच माणसे दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ९०० ग्रॅमने वाढले, प्रक्रिया न केलेल्या अन्नावर ते जवळपास तेवढेच घटले. कोणावरही बंधन नव्हते आणि कोणी मन मारले नव्हते. बदलले होते ते केवळ ताटातील अन्नाचे रूप.

असे का व्हावे, याचे एक कारण त्याच प्रयोगात दिसले. मऊ, कमी चावावे लागणारे अन्न भराभर पोटात जाते, आणि पोट भरल्याचा संदेश आतड्यांतील संप्रेरकांमार्फत मेंदूपर्यंत पोहोचेपर्यंत जास्तीचे खाऊन झालेले असते. शिवाय एरवी बाजारातील अशा अन्नात पाणी आणि तंतू कमी असल्यामुळे घासागणिक कॅलरी अधिक भरतात. स्वस्त, टिकाऊ, कुठेही हाती लागणारे आणि थांबावेसे वाटू नये असे मुद्दाम घडवलेले अन्न जिथे मुबलक झाले, तिथे वजने वाढली, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

पाकिटातील पदार्थ ओळखण्यासाठी समोरच्या बाजूवरील दाव्यांकडे दुर्लक्ष करावे आणि मागील बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचावी. ही यादी साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिल्या तीन नावांत साखर, सिरप, मैदा किंवा तेल असेल तर पदार्थ मुख्यतः त्याचाच बनलेला आहे. माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद यांसारखी, कोणत्याही घरच्या स्वयंपाकात न सापडणारी नावे दिसली, की तो अतिप्रक्रिया केलेला पदार्थ समजावा. प्रत्येक पाकीट वाईट असते असे मात्र नाही. गोठवलेल्या भाज्या किंवा साधी सुकी कडधान्येही पाकिटातूनच येतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हॉल यांच्या प्रयोगात प्रक्रिया न केलेले अन्न अधिक महाग पडले, आणि ते शिजवायला वेळही अधिक लागतो. दोन पाळ्यांत राबणाऱ्या माणसाला ‘घरी शिजवून खा’ एवढेच सांगणे हा उपदेश झाला, मदत नव्हे. अशांनी वहीत सर्वाधिक वेळा आलेला एकच पाकीटबंद पदार्थ निवडावा आणि तेवढाच बदलावा. घरात जे आणले जात नाही ते मध्यरात्री खाल्लेही जात नाही, म्हणून निग्रह करायचाच असेल तर तो खरेदीच्या वेळी करावा. तिथे तो एकदाच करावा लागतो, घरात दिवसातून वीस वेळा.

पेयांची मोजदाद वेगळी ठेवावी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्याच लोकांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी गोड गोळ्यांच्या रूपात आणि चार आठवडे तेवढ्याच कॅलरी गोड पेयाच्या रूपात दिल्या होत्या. गोळ्या खाताना त्यांनी इतर खाणे आपोआप कमी केले, पेय पिताना मात्र केले नाही आणि वजन वाढले. प्यायलेली साखर शरीर नीट हिशेबात धरत नाही. आठवडाभरात एकच सुधारणा करणे शक्य असेल, तर ती गोड पेयांपासून सुरू करावी.

बसणे आणि चालणे

१९५० च्या दशकात जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिने चढत-उतरत; आणि हृदयविकार चालकांमध्ये अधिक. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या पँटी कंबरेला वाहकांपेक्षा मोठ्या निघाल्या. चालकाच्या कामासाठी येणारी माणसे मुळातच थोडी जाड असतील, अशी शंका पुढे घेतली गेली आणि ती रास्त होती. तरीही आज बहुतेक कामे चालकाच्या आसनासारखीच झाली आहेत, हे नाकारता येत नाही.

व्यायामाच्या तासापेक्षा उरलेल्या वेळात काय घडते, ते आधी पाहावे. जेम्स लेव्हाईन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत लठ्ठ माणसे सडपातळ माणसांपेक्षा दररोज सुमारे दोन तास अधिक बसलेली आढळली; तो वेळ उभे राहण्यात आणि वावरण्यात गेला असता, तर दिवसाला सुमारे ३५० कॅलरी अधिक खर्च झाल्या असत्या. म्हणून त्याच वहीत एक दिवस आपण सलग किती वेळ बसतो हे लिहावे, आणि फोनवरचे बोलणे, जवळची कामे, मजले चढणे यांतून ते सलग बसणे मोडावे. व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटे करावाच, पण तो केवळ वजन उतरवण्यासाठी केल्यास निराशा पदरी येते, कारण शरीर भूक वाढवून आणि इतर खर्च आखडता घेऊन बराचसा हिशेब जुळवून टाकते. रक्तदाब, रक्तातील साखर, झोप आणि उतरलेले वजन टिकवणे यांसाठी मात्र त्याला पर्याय नाही.

झोप

वहीत झोपेची वेळ अवश्य लिहावी. कमी झोपेने भूक वाढते ही केवळ समजूत नाही: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० प्रौढांपैकी काहींची झोप दोन आठवडे सुमारे सव्वा तासाने वाढवली, तेव्हा आहाराबद्दल काहीही न सांगता त्यांचे खाणे दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी कमी झाले. जागरणाच्या तासांतले खाणे वहीत वेगळ्या रंगाने लिहिले, तर हा संबंध आपल्या बाबतीत किती खरा आहे ते लगेच दिसते.

शरीराचा प्रतिकार

वहीतील दोन-तीन कारणे हेरली, की एका वेळी एकच बदलावे आणि ते अंगवळणी पडेपर्यंत दुसऱ्याला हात घालू नये. हा सल्ला मिळमिळीत वाटेल, पण उतावळेपणाची किंमत मोठी असते. चरबी घटली की चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, मेंदू त्याला उपासमार समजतो, भूक वाढवतो आणि ऊर्जेचा खर्च कमी करतो. दूरचित्रवाणीवरील वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते आणि विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जेचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. परत आलेल्या वजनाला आळस म्हणणाऱ्यांना हे माहीत नसते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

भोवताल तपासूनही वाढ समजत नसेल, थोड्या महिन्यांत वजन झपाट्याने वाढले असेल, किंवा बरोबर थकवा, सूज, पाळीतील अनियमितता, झोपेत घोरणे व श्वास अडकणे असे काही असेल, तर डॉक्टरांकडे जावे आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. स्टेरॉइड, इन्शुलिन, काही मनोविकारांवरील औषधे आणि अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट यांमुळे वजन वाढू शकते. ती स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे, पण पर्याय आहे का हे जरूर विचारावे. सेमाग्लुटाइडसारख्या नव्या औषधांनी चाचण्यांमध्ये सुमारे सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरले, मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातील सुमारे दोन तृतीयांश परत आले. त्यामुळे असे औषध सुचवले गेल्यास ते किती काळ घ्यावे लागेल, त्याचा खर्च तेवढा काळ झेपेल का, आणि थांबवायचे झाल्यास कसे थांबवायचे, हे पहिल्या मात्रेपूर्वीच विचारून घ्यावे.