ट्रकचं चाक बदलताना: नव्या ड्रायव्हर-क्लीनरसाठी

अवजड गाडीवर नव्याने आलेल्या मुलाला पहिल्या महिन्याभरात एकदा तरी चाक उतरवावं लागतंच. नट खोलायचे, जॅक लावायचा, स्टेपनी चढवायची, एवढं बघून बघून येतं. पण या कामात माणसं जखमी होतात ती दोन गोष्टींमुळे: टायरात कोंडलेली हवा आणि जॅकवर तोललेलं वजन. म्हणून इथे भर त्या दोन्हींवरच आहे.

आधी वजन समजून घ्या. 2018 साली केंद्र सरकारने ॲक्सलवरच्या, म्हणजे दोन्हीकडची चाकं ज्यावर बसतात त्या आडव्या दांड्यावरच्या, भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका मागच्या ॲक्सलला आता 11.5 टन चालतात. म्हणजे एका बाजूच्या जोडचाकावर पावणेसहा टन आणि एकेका टायरवर साधारण पावणेतीन ते तीन टन. जोडीतला एक टायर हवा जाऊन बसला की त्याचा सगळा भार शेजारच्यावर जातो. दहा-वीसचा, म्हणजे 10.00-20 चा टायर एवढ्या भारासाठी बनवलेलाच नाही. तो तापतो आणि काही किलोमीटरांत तोही जातो. बसलेला टायर शेजारच्याला घासून पेटण्याचा धोका वेगळाच. तेव्हा "एक टायर आहे ना शाबूत, ढाब्यापर्यंत जाऊ" हा हिशेब करू नका. सुरक्षित जागा दिसत असेल तर तेवढ्यापुरतं, माणसाच्या चालीने, गाडी पुढे घ्या. पुढचं चाक बसलं असेल तर तेवढंही नाही. स्टेअरिंग एका बाजूला ओढतं आणि डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढवतात ते लोखंडी चाक, रस्त्यावर घासते.

जागा निवडताना उतार आणि जमीन दोन्ही बघा. कसारा किंवा खंडाळा घाटात उतारावर जॅक लावण्यापेक्षा सपाटीपर्यंत सरकणं शक्य असेल तर तेच करा. समृद्धी महामार्गावर किंवा एक्सप्रेसवेवर गाडी शक्य तितकी डावीकडे, कठड्याकडे घ्या. बसलेलं चाक उजव्या बाजूचं, म्हणजे वाहतुकीकडचं असेल आणि मागून गाड्या जोरात येत असतील, तर स्वतः पाना हातात घेऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि कुठेही 112 लागतो. गस्तीच्या गाडीला मागे उभं करून मगच काम सुरू करा. मदत येईपर्यंत केबिनमध्ये किंवा दोन गाड्यांच्या मध्ये थांबू नका, कठड्यापलीकडे उभे राहा.

चारही इंडिकेटर चालू करा. परावर्तक त्रिकोण साध्या रस्त्यावर गाडीच्या मागे किमान 50 मीटरवर आणि वेगाच्या रस्त्यावर 100 ते 150 मीटरवर ठेवा. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा, नाहीतर तो दिसेपर्यंत मागची गाडी येऊन पोहोचलेली असते. अंगात परावर्तक जाकीट असू द्या. झाडाची फांदी आणि दगड मांडायची जुनी सवय आहे. ते करणारच असाल, तर निघताना एकेक दगड मोजून उचला. रात्री दुचाकीवाला त्याच दगडावर जातो.

आता गाडी रोखणं. हँडब्रेक ओढलात, गिअरमध्ये टाकलीत, तरी गाडी धरली गेली असं समजू नका. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा) ते हवेत मोकळं फिरू शकतं आणि मग गिअरची पकड दुसऱ्या बाजूच्या चाकाला उपयोगी पडत नाही. गाडी गिअरमध्ये असूनही जॅकवरून सरकते. याला एकच उपाय, लाकडी ठोकळे. मागचं चाक काढायचं तर पुढच्या दोन्ही चाकांना, पुढचं काढायचं तर मागच्या चाकांना, पुढून आणि मागून दोन्हीकडून ठोकळे ठोकून बसवा. गोटा चालत नाही, तो घरंगळतो. सापडलाच तर सपाट, धारदार कडेचा दगड घ्या.

जॅकच्या आधी नट सैल करा. चाक जमिनीवर दाबलेलं असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला करून सोडा, काढू नका. चाक हवेत असताना जोर लावला तर गाडी जॅकवर हलते. जुन्या काही गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. नट जागचा हलत नसेल तर पाइप वाढवण्याआधी स्टडच्या (नट ज्यावर चढतो त्या आटेदार बोल्टच्या) तोंडावर खूण आहे का बघा. आटे उलटे असतील तर तुमच्या प्रत्येक ताकदीने नट घट्टच होतोय. गंजलेल्या नटावर डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल घालून दहा मिनिटं थांबा. पान्यावर उभं राहून उड्या मारणं सगळीकडे दिसतं. पाना निसटला की गुडघा किंवा दात जातो. पाना नटावर पूर्ण आत बसवा, त्याचं दुसरं टोक ठोकळ्यावर टेकवा आणि जोर सावकाश द्या. गिअरवाला पाना परवडत असेल तर घ्याच, त्याची किंमत पहिल्याच रात्री वसूल होते.

हवेबद्दल नीट वाचा. ट्यूबवाल्या टायरच्या डिस्कवर कडेला लोखंडी रिंग असते. आत 100 ते 120 पीएसआय हवा असते आणि ती रिंगला सतत बाहेर ढकलत असते. रिंग नीट बसलेली नसेल, गंजून खाल्लेली असेल किंवा डिस्कला चीर असेल, तर नट निघताक्षणी ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. म्हणून रिंग वाकडी दिसली, डिस्कवर चीर दिसली किंवा शंका जरी आली, तरी पूर्ण हवा सोडल्याशिवाय नट काढू नका. जोडचाक असेल तर दोन्ही टायरांची हवा सोडा. व्हॉल्व्हची पिन काढून टाका. नंतर बारीक तार आत घालून बघा, कारण कचऱ्याने तोंड बुजलं तर हवा आत राहते आणि तुम्हाला वाटतं की संपली. रिंगवर हातोडा मारून ती "जागेवर बसवणं" हा प्रकार कधीही करू नका.

जॅक 20 टनांचा ठेवा. त्याखाली बाभळीची किंवा सागाची जाड फळी हवी, साधारण दीड फूट लांब, एक फूट रुंद, तीन इंच जाड. आपल्याकडची काळी माती वरून वाळलेली दिसते, पण भार आला की जॅक आत जातो आणि तिरका होतो. उसाच्या हंगामात शेताच्या बांधावर हेच होतं. मागच्या बाजूला जॅक हौजिंगच्या (मागच्या ॲक्सलच्या कवचाच्या) नळीखाली, पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, जवळ लावा. मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली लावला तर गाडी डुलते. पुढे ॲक्सलच्या बीमखाली, पाट्याच्या बैठकीपाशी. चेसिसखाली किंवा पाट्यांच्या टोकाखाली नको. जोडीतले दोन्ही टायर बसले असतील तर ॲक्सल इतका खाली येतो की जॅक आत शिरत नाही. अशा वेळी फळीसाठी जमीन थोडी खणावी लागते.

टायर जमिनीपासून दोन-तीन बोटं सुटला की पुरे. लगेच ॲक्सलखाली लोखंडी घोडा (टेकूचा स्टँड) किंवा ठोकळ्यांची आडवी-उभी रास लावा. जॅकची सील गळली तर गाडी बसेल ती त्या राशीवर. गाडीखाली डोकं किंवा पाय घालायचा नाही, घोडा लावल्यावरही नाही.

डिस्क आणि टायर मिळून वजन शंभर किलोच्या आसपास भरतं. उचलू नका. टायरखाली पहार सरकवा, तिने चाक तोलून धरा आणि डिस्क स्टडवरून सरळ ओढा. तिरकी ओढली तर आटे खरवडतात. पाठ सरळ, पाय टायरच्या सरळ रेषेत नकोत, बाजूला हवेत. चाक कलायला लागलं की सोडून द्या आणि मागे व्हा. पडणारं चाक अडवायला गेलात तर हात त्याच्याखाली जातो. स्टेपनी साखळीवर टांगलेली असेल तर ती खाली घेतानाही तिच्याखाली कोणी नको, साखळीची कडी झिजलेली असते.

बाहेरचं चाक निघालं की थांबा आणि आत बघा. दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगड बऱ्याचदा इथेच सापडतो. स्टडचे आटे आणि डिस्क बसते तो हबचा (चाकाच्या मधल्या तुंब्याचा) भाग तारेच्या ब्रशने घासा. गंजाचा पापुद्रा किंवा रंगाचा जाड थर मध्ये राहिला तर तो पहिल्या पन्नास किलोमीटरांत चेपला जातो आणि नट आपोआप सैल होतात. नटांतही फरक आहे. निमुळत्या तोंडाचा नट निमुळत्या भोकासाठी, चपटा वॉशरवाला चपट्या डिस्कसाठी. अदलाबदल केली तर नट घट्ट वाटतो पण पकडत नाही. नटाखालून गंजाचा लालसर ओघळ आलेला दिसला किंवा भोक लंबगोल झालं असेल, तर ती डिस्क पुन्हा लावायची नाही.

चढवताना दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना ठेवा. बाहेरच्या डिस्कच्या खिडकीतून आतला व्हॉल्व्ह हाताला लागला पाहिजे. नाहीतर आतल्या टायरची हवा कोणी तपासतच नाही. जोडीत नवा आणि झिजलेला टायर एकत्र लावू नका, उंच टायर सगळा भार ओढून घेतो.

नट आधी हाताने फिरवा, मग पान्याने समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा, ओळीने नाही. टायर जमिनीवर टेकल्यावर शेवटचा ताण द्या. बहुतेक मोठ्या ट्रकना हा ताण 600 न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात असतो. हाताशी टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा: एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साठ किलोच्या माणसाचं पूर्ण वजन. दोन मीटरचा पाइप लावला की तोच माणूस दुप्पट ताण देतो. मग स्टड ताणून लांबतो आणि नंतर कधीतरी रस्त्यात तुटतो. एक स्टड तुटला तर उरलेल्यांवर जादा भार आलेला असतो, म्हणून शेजारचेही बदला.

जॅकचा स्क्रू पाव फेराच उघडा, गाडी हळू बसू द्या.

पंक्चर टायर दुकानात दिलात तरी तिथे उभं राहून बघा. हवा नसताना चाललेला रेडियल टायर नुसता हवा भरून परत देऊ देऊ नका. त्याच्या साइडवॉलमधल्या (टायरच्या बाजूच्या भिंतीतल्या) पोलादी तारा आत वाकून तुटलेल्या असतात, हवा भरताना त्या सलग उसवतात आणि टायर बाजूने फाटतो. दाब ठरलेल्या आकड्याच्या 80 टक्क्यांखाली गेलेला असताना टायर चालला असेल, तर तो डिस्कवरून उतरवून आतून तपासल्याशिवाय भरायचा नाही. हवा भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात हवा, नळी लांब आणि व्हॉल्व्हला अडकून राहणारी हवी आणि माणूस टायरच्या बाजूच्या भिंतीसमोर नको, तुडवणीच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या, बाजूला उभा हवा. पिंजरा नसेल तर दुसरं दुकान शोधा.

निघाल्यावर 50 ते 100 किलोमीटरांवर थांबून सगळे नट पुन्हा आवळा. त्याच थांब्यावर हाताचा पालथा भाग डिस्कजवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग गेलंय. दांड्याने टायर ठोकून "टण" आवाज ऐकायची पद्धत पूर्ण बसलेला टायर पकडते, पण तीस पीएसआय कमी असलेला नाही. त्यासाठी हवेचा दाब मोजणारा गेज लागतो. तो टायर थंड असताना, सकाळी निघण्याआधी लावा, आणि स्टेपनीलाही लावा.