या चुका टाळा : बूटलोडरने कर्नल मेमरीत ठेवताना

“क्यूईएमयूवर बूट होतं, खऱ्या मशीनवर स्क्रीन काळीच राहते.” नव्याने बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर कर्नल मेमरीत आणून ठेवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होतात आणि खाली कर्नलचा सगळा कोड चिकटवलेला असतो. क्यूईएमयू म्हणजे सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, बहुधा काही बिघडलेलं नसतं. घोळ त्याच्या आधीच झालेला असतो. कर्नल ज्या जागी असायला हवा तिथे तो पूर्ण पोचलेला नसतो, किंवा पोचल्यावर त्याच्या अंगावर दुसऱ्याच कशाने तरी लिहिलेलं असतं.

मी मुख्यतः बायॉस हा जुन्या पद्धतीचा फर्मवेअर असलेल्या पीसीबद्दल बोलतोय, कारण शिकणारे तिथूनच सुरुवात करतात. बायॉस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवतो, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का ते पाहतो आणि तिथे उडी मारतो. त्यापुढची जबाबदारी तुमची. इथले सगळे पत्ते हेक्समध्ये आहेत.

किती सेक्टर वाचायचे ते हाताने लिहून ठेवणं

नेटवरचा जो तो नमुना “१५ सेक्टर वाचा” म्हणतो. १५ सेक्टर म्हणजे ७६८० बाइट. पहिल्या दिवशी कर्नल तेवढ्यात मावतो, मग वाढतो, आणि लोडरमधला आकडा बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. अशा वेळी कर्नल अजिबात चालत नाही असं होत नाही, म्हणून ही चूक सापडायला वेळ लागतो. फाइलमध्ये कोड आधी आणि डेटा नंतर असतो, त्यामुळे फंक्शन चालतात पण स्क्रीनवरचे संदेश कचरा होऊन येतात. मग लोक प्रिंट फंक्शन पुन्हा लिहायला बसतात. हा आकडा बिल्ड स्क्रिप्टनेच मोजून लोडरमध्ये घालावा. मी याशिवाय कर्नलच्या डेटाच्या अगदी शेवटी चार बाइटची खूण ठेवतो आणि उडी मारण्याआधी ती जागेवर आहे का ते तपासतो. नसेल तर लोडर तिथेच थांबतो आणि तसं सांगतो.

वाचताना बीएक्स रजिस्टर ५१२ ने वाढवत नेलं आणि पत्त्याचा पाया धरणारं ईएस तसंच ठेवलं, तर ६४ केबीनंतर बीएक्स पुन्हा शून्यावर येतं आणि कर्नलची शेपटी त्याच्याच डोक्यावर लिहिली जाते. ईएस वाढवा.

बीएसएस शून्य न करणं

मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि माणसाला सगळ्यात जास्त छळणारी चूक ही. बिल्ड झालेला कर्नल सहसा ईएलएफ या स्वरूपाच्या फाइलमध्ये असतो. तिच्या प्रोग्रॅम हेडरमध्ये मेमरीत चढवायच्या प्रत्येक भागाचे दोन आकार दिलेले असतात : फाइलमध्ये तो किती बाइट आहे आणि मेमरीत त्याला किती बाइट लागतील. दुसरा आकडा मोठा असेल तर वरचा भाग सहसा बीएसएसचा असतो, म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेले ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल तिथे राहतात. ते शून्य असतील असं सी भाषेने वचन दिलेलं आहे. एरवी हे वचन ऑपरेटिंग सिस्टीम पाळते. इथे ऑपरेटिंग सिस्टीमच अजून उभी राहायची आहे, तेव्हा ते तुम्हालाच पाळावं लागतं.

माझ्याकडे इंटर्नशिपला आलेल्या एका मुलीचा कर्नल क्यूईएमयूमध्ये छान उठायचा. “सर, पहिल्यांदा नीट चालतं. रीसेट करत गेलं की मग कधीतरी अडकतं,” ती सांगायची. जुन्या लॅपटॉपवर मात्र तोच कर्नल पहिल्याच फेरीला मशीन रीस्टार्ट करायचा. तिने पेजिंगचा कोड उलटापालटा केला, टायमर बंद करून पाहिला, कंपायलरची आवृत्ती बदलली. तिच्या मित्रांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून लिही असाही सल्ला दिला.

मी तिला आधी हे आकार दाखवणारी रीडईएलएफ ही कमांड चालवायला सांगितलं. डेटाच्या भागाचा मेमरीतला आकार फाइलमधल्या आकारापेक्षा बराच मोठा होता, आणि तिचा लोडर फक्त फाइलमधले बाइट उतरवून पुढे जात होता. तिच्या मेमरी वाटपाच्या कोडमध्ये ‘तयारी झाली आहे’ असा एक स्टॅटिक फ्लॅग होता. क्यूईएमयू नव्याने सुरू झाला की त्याची मेमरी शून्य असते, म्हणून पहिल्या फेरीला फ्लॅग शून्य मिळायचा आणि तयारी व्हायची. पण रीसेटने मेमरी पुसली जात नाही. दुसऱ्या फेरीला फ्लॅग आधीच १ असायचा, तयारी टळायची आणि वाटप मागच्या फेरीत जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू व्हायचं. दर रीसेटला मोकळी जागा घटत जायची आणि एकदा ती संपायची. लॅपटॉपच्या मेमरीत सुरुवातीलाच कचरा असतो, म्हणून तिथे पहिलाच घास घशात अडकायचा. उपाय दोन-चार सूचनांचा होता : एएल रजिस्टर शून्य करा, ईडीआयमध्ये फाइलच्या भागाचा शेवट, ईसीएक्समध्ये दोन आकारांतला फरक, आणि मग तेवढे बाइट भरणारी रेप स्टॉसबी ही सूचना.

यावर एक आडवाट कुणी ना कुणी सुचवतंच : त्या फ्लॅगला सुरुवातीची किंमत देऊन टाका. शून्य दिलं तर काहीच होत नाही, जीसीसी कंपायलर ते व्हेरिएबल बीएसएसमध्येच ठेवतो. शून्याऐवजी दुसरं काही दिलं तर तो एक फ्लॅग वाचतो आणि बाकीची शंभर व्हेरिएबल तशीच उघड्यावर राहतात. अशा डागडुजीचा मला खरंच राग येतो, कारण लक्षण गेल्यावर माणूस कारण शोधायचं सोडून देतो.

माझी स्वतःची सवय उलटी आहे. कर्नल उतरवण्याआधी त्याला लागणारी सगळी जागा मी सीसी या बाइटने भरून टाकतो. शून्य करायचं काही राहून गेलं असेल तर ते पहिल्याच बूटला उघडं पडतं. सीसी ही ब्रेकपॉइंटची सूचना असल्यामुळे चुकून तिथे उडी बसली तरी लगेच कळतं. मग कर्नलकडे उडी मारण्याच्या क्षणी थांबून क्यूईएमयूच्या मॉनिटरमध्ये मेमरी दाखवणारा एक्सपी हा आदेश देतो आणि पहिले व शेवटचे बाइट फाइलशी ताडून बघतो.

बीएसएसचा दुसरा फटका एआरएम बोर्डांवर बसतो. यू-बूट या तिथल्या बूटलोडरच्या स्क्रिप्टमध्ये लोक डिस्कवरच्या इमेज फाइलचा आकार बघून लगेच तिच्या पुढे डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) ठेवतात. लिनक्स उठतो, स्वतःचा बीएसएस शून्य करतो आणि डिव्हाइस ट्री पुसली जाते. कन्सोलवर एक अक्षरही येत नाही. ६४ बिट एआरएमच्या इमेज हेडरमध्ये खरा आकार बीएसएस धरून लिहिलेला असतो, तो वाचा. यू-बूट एरवी डिव्हाइस ट्री सुरक्षित जागी हलवतो, पण ‘एफडीटी हाय’ या व्हेरिएबलला सगळे एफ देऊन ती सोय बंद करणाऱ्या स्क्रिप्ट जिकडेतिकडे फिरत असतात. वाचून कळल्याशिवाय ती ओळ उचलू नका.

मेमरी मोकळीच आहे असं धरून चालणं

सगळ्यात तळाशी ० ते ३एफएफ इंटरप्टचे पत्ते आहेत आणि ४०० पासून बायॉसचा स्वतःचा डेटा. ७सी०० वर तुम्ही स्वतः बसलेले आहात. ६४० केबीच्या लगेच खाली बायॉसचा विस्तारित डेटा असतो, आणि त्याचा आकार मशीनगणिक बदलतो. ए०००० पासून व्हिडिओ मेमरी, तिच्यावर रॉम. १०००० वर कर्नल ठेवायला सुरुवात केली की तो लहान असेपर्यंत सगळं छान. मग डीबगची माहिती असलेली फाइल कुणीतरी तशीच्या तशी वाचतं आणि ती थेट व्हिडिओ मेमरीत शिरते. लिनक्सलाही ही भिंत लागली होती : झेडइमेज या जुन्या स्वरूपातला कर्नल १०००० वर उतरायचा आणि ९०००० वर सेटअपचा कोड बसलेला असायचा, म्हणजे मधे जेमतेम ५१२ केबी. बीझेडइमेज हे पुढचं स्वरूप आलं तेव्हा कर्नलचा मुख्य भाग १ एमबीच्या वर गेला.

पण १ एमबीच्या वरही सगळं आपलं नाही. इंटरप्ट १५, फंक्शन ई८२० ने मेमरीचा नकाशा मागा. फक्त प्रकार १ च्या, म्हणजे वापरायला मोकळ्या मेमरीच्या, नोंदी वापरा. नोंदी क्रमाने येतीलच असं नाही आणि त्या एकमेकींवर चढलेल्याही असू शकतात. तसं असेल तर राखीव नोंद खरी धरा. हे काम प्रोटेक्टेड मोडमध्ये जाण्याआधी करा, नंतर बायॉसला सरळ विचारता येत नाही.

कोड लिहिण्याआधी कागदावर उभी पट्टी काढून लोडर, स्टॅक, वाचनाचा बफर, कर्नल आणि त्याचा बीएसएस, इनिटआरडी (कर्नलसोबत मेमरीत ठेवायची सुरुवातीची फाइलसिस्टीम) अशी प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट लिहा. शेवट लिहायचा बहुतेकजण टाळतात, आणि टक्कर तिथेच होते. हा कागद न काढता माझ्याकडे प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी आधी तो काढायला बसवतो.

ए२० न उघडणं

ए२० ही पत्त्याची एक तार आहे. ती बंद असेल तर १ एमबीवर लिहिलेलं शून्य पत्त्यावर जाऊन इंटरप्टचा तक्ता उद्ध्वस्त करतं. क्यूईएमयूमधला बायॉस, म्हणजे सीबायॉस, ती आधीच उघडून देतो, म्हणून तिथे ही चूक दिसत नाही. ती स्वतः उघडा आणि उघडली का ते तपासा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

डीएलमध्ये बायॉसने दिलेला ड्राइव्ह क्रमांक पहिल्याच सूचनांत जपून ठेवा. डीएस, ईएस, एसएस शून्य असतील असं समजू नका. कर्नल ३ जीबीच्या वरच्या पत्त्यासाठी लिंक केलेला असेल तर तो ईएलएफच्या फिजिकल पत्त्यावर उतरवा, व्हर्च्युअलवर नाही. ग्रब या तयार बूटलोडरला मल्टीबूट हेडर (कर्नलची ओळख पटवणारी खूण) सापडत नसेल तर लिंकर स्क्रिप्ट पाहा : मल्टीबूटच्या पहिल्या आवृत्तीत ते फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटमध्ये लागतं, आणि बिल्ड आयडीचा सेक्शन पुढे घुसून त्याला मागे ढकलतो. ग्रब स्टॅक देत नाही, तो कर्नलने उभारायचा.

यूईएफआयवाल्यांसाठी

बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआय या नव्या फर्मवेअरवर आलात म्हणून जागेचा प्रश्न सुटत नाही. ठराविक पत्ता मागितला तर फर्मवेअर नाही म्हणू शकतो, तेव्हा कर्नल कुठेही बसू शकेल असा बांधा. मेमरी नकाशातल्या नोंदीचा आकार फर्मवेअरने सांगितलेलाच वापरा. सी मधली स्ट्रक्चर ४० बाइटची असते, पण क्यूईएमयूसोबतचा ओव्हीएमएफ हा यूईएफआय फर्मवेअर ४८ सांगतो, आणि ४० च्या ढांगा टाकल्या की दुसऱ्या नोंदीपासून कचरा वाचला जातो. नकाशा घेतल्यावर आणि बूट सर्व्हिसेस (बूट होईपर्यंत फर्मवेअर पुरवतो त्या सोयी) बंद करण्याआधी मध्ये काहीही करू नका, एक ओळ छापूसुद्धा नका. तेवढ्यानेही नकाशा बदलू शकतो, नकाशासोबत मिळालेली जुनी किल्ली बाद होते आणि फर्मवेअर चुकीचं पॅरामीटर म्हणून परत पाठवतो. तसं झालं तर नकाशा पुन्हा घ्या आणि बूट सर्व्हिसेस बंद करायला लगेच पुन्हा सांगा.