संविधानाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन कसं लावावं: आधी डोकी मोजा, मग तारीख लिहा

२६ नोव्हेंबर जवळ आला की शाळा, वाचनालयं, सोसायट्यांची मंडळं, सगळीकडून एकच विचारणा सुरू होते: "संविधानाचे जुने फोटो आहेत का हो? जरा मोठे?" फोटो आता घरबसल्या मिळतात. घोळ होतो तो फोटोखालच्या ओळीत.

आमच्या वाचनालयात पहिल्या वर्षी मी मसुदा समितीचा तो प्रसिद्ध फोटो लावला. मधोमध डॉ. आंबेडकर बसलेले, आजूबाजूला चौघं, मागे तिघं उभे. खाली ठळक अक्षरांत ओळ: 'मसुदा समितीचे सात सदस्य, २९ ऑगस्ट १९४७'. आठवीतली एक मुलगी फोटोसमोर बोट नाचवत उभी होती. म्हणाली, "काका, सात लिहिलंय. पण हे आठ आहेत." मी घाईघाईने सांगितलं की मागचे कर्मचारी असतील. "मग पाचच उरतात की!" पोरीचा हिशेब बरोबर होता. त्या दिवसापासून मी हे काम ज्या क्रमाने करतो, तो इथे सांगतो.

पहिली पायरी: फोटोच्या आधी तारखांची पट्टी

फोटो शोधायला बसण्याआधी वहीच्या एका पानावर तारखा उतरवून काढा. पुढचं सगळं काम याच पानावर चालतं. ९ डिसेंबर १९४६, संविधान सभेची पहिली बैठक. त्या दिवशी हंगामी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा. ११ डिसेंबरला डॉ. राजेंद्र प्रसाद कायमचे अध्यक्ष. १३ डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि २२ जानेवारी १९४७ ला तो संमत झाला. २९ ऑगस्ट १९४७, मसुदा समिती नेमली. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा तयार, ४ नोव्हेंबर १९४८ ला तो सभेपुढे. २६ नोव्हेंबर १९४९, संविधान स्वीकारलं. २४ जानेवारी १९५०, सदस्यांच्या सह्या. २६ जानेवारी १९५०, अंमल सुरू.

याच पानावर पदंही लिहा. कोण कधीपासून काय होतं, हे तारखांइतकंच उपयोगी पडतं. राजेंद्र प्रसाद २६ जानेवारी १९५० आधी राष्ट्रपती नव्हते, संविधान सभेचे अध्यक्ष होते. निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात.

दुसरी पायरी: फोटो मिळवणे

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो प्रदर्शनासाठी घेऊ नका. एक तर तो दाबून दाबून लहान झालेला असतो आणि दुसरं म्हणजे त्याच्यावर कुणीतरी पिवळ्या अक्षरांत शुभेच्छा छापलेल्या असतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ, माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या फोटो विभागाचा संग्रह, विकिमीडिया कॉमन्स, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून ठेवलेली संविधानाची सचित्र प्रत, एवढी ठिकाणं धुंडाळली तरी पंधरा चांगले फोटो हाती लागतात. पंधरापेक्षा जास्त लावूच नका. चाळीस फोटो लावले की लोक एकही धड न बघता चहाच्या टेबलाकडे सरकतात.

कुणी ओळखीचा माणूस फोटो पाठवणारच असेल तर त्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल तशीच येते. आणि प्रत्येक फोटो गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साधनांत एकदा टाकून बघा. तोच फोटो आणखी कुठे, कोणत्या ओळीसह आणि किती मोठ्या आकारात आहे, ते कळतं. तीन ठिकाणी तीन तारखा दिसल्या की समजा, काम वाढलं.

तिसरी पायरी: डोकी मोजा, खुर्च्या बघा

आता तो आठ जणांचा फोटो पुन्हा समोर घ्या. २९ ऑगस्ट १९४७ ला नेमलेले सात जण असे: डॉ. आंबेडकर, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, एन. गोपालस्वामी अय्यंगार, कन्हैयालाल मुन्शी, मुहम्मद सादुल्ला, बी. एल. मित्तर आणि डी. पी. खेतान. फोटोत बसलेले म्हणून जी नावं सगळीकडे दिली जातात ती अशी: एन. माधव राव, सादुल्ला, आंबेडकर, अल्लादी आणि बेनेगल नरसिंह राव.

पहिली अडचण माधव रावांची. नाव वाचून आपल्याला ते मराठी वाटतात, पण हे न्यापती माधव राव, म्हैसूर संस्थानचे माजी दिवाण. मित्तर यांनी समिती सोडल्यावर त्यांच्या जागी ते आले. म्हणजे ज्या दिवशी समिती नेमली गेली त्या दिवशी ते समितीत नव्हतेच. मग २९ ऑगस्टच्या फोटोत ते कसे बसतील? तारीख समितीच्या जन्माची आहे, फोटोची नव्हे. कुणीतरी कधीतरी ती ओळीत घातली आणि बाकीच्यांनी उतरवून घेतली. मीही त्यातलाच.

दुसरी अडचण नरसिंह रावांची. ते घटनात्मक सल्लागार. त्यांचं काम मोठं, पहिला कच्चा मसुदा त्यांच्याच हातचा. पण ते मसुदा समितीचे सदस्य नव्हते आणि संविधान सभेचेही नव्हते. म्हणजे बसलेल्या पाचांत सदस्य चारच. मागे उभे आहेत त्यांत एस. एन. मुखर्जी, सभेच्या कार्यालयातले मुख्य मसुदाकार. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात या दोघांना, राव आणि मुखर्जींना, नाव घेऊन श्रेय दिलं. तेव्हा ओळीतून त्यांना गाळू नका, फक्त 'सदस्य' म्हणू नका.

समितीच्या फोटोत समिती अर्धीच का, असं कुणी विचारलं तर उत्तर सभेच्या कामकाजातच आहे. खेतान १९४८ मध्ये वारले. टी. टी. कृष्णमाचारी पुढे समितीत आले आणि ५ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनीच सभेला सांगितलं की कुणी राजीनामा दिला, कुणी गेले, कुणी परदेशी, कुणी सरकारी कामात, आणि शेवटी मसुद्याचं ओझं आंबेडकरांवर पडलं. फोटोशेजारी हा मजकूर दोन ओळींत लावला, की रिकाम्या खुर्च्यासुद्धा बोलू लागतात.

अशीच पडताळणी आणखी एका फोटोची. राजेंद्र प्रसाद शपथ देताहेत, आंबेडकर घेताहेत, नेहरू बघताहेत. खाली ओळ: 'पहिले कायदामंत्री, १९४७'. पट्टी काढा. १५ ऑगस्ट १९४७ ला मंत्रिमंडळाला शपथ दिली ती माउंटबॅटन यांनी. राष्ट्रपती म्हणून प्रसाद शपथ देताहेत, म्हणजे फोटो १९५० चा. तो मे १९५० चाच आहे, संविधान लागू झाल्यानंतरच्या शपथविधीचा.

सभागृहाच्या फोटोंत अध्यक्षांच्या खुर्चीवर कोण आहे ते बघायची सवय लावून घ्या. १९४७ च्या नोव्हेंबरपासून हीच सभा कायदेमंडळ म्हणूनही बसायची आणि तेव्हा खुर्चीवर दादासाहेब मावळणकर असायचे. मावळणकर दिसले तर 'संविधानावर चर्चा सुरू असताना' असं लिहून मोकळे होऊ नका. सभेचे सुरुवातीचे सदस्य बॅ. मुकुंदराव जयकर यांच्यावरूनही फोटोचा काळ ओळखता येतो. डिसेंबर १९४६ च्या फोटोत ते शोभतात. पुढे त्यांनी जागा सोडली आणि जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून त्याच जागेवर आंबेडकर निवडून आले. त्याआधी आंबेडकर बंगालमधून आलेले होते, म्हणून १९४६ च्या फोटोत ते दिसले तर दचकायचं कारण नाही.

आणि तो सर्वांत जास्त छापला जाणारा फोटो, आंबेडकर राजेंद्रबाबूंच्या हाती मसुदा देताना. त्यावर फेब्रुवारी १९४८ पासून २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत हव्या त्या तारखा सापडतात. अशा वेळी तारीख गाळा. 'मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांना मसुदा सुपूर्द करताना' एवढं पुरे. बिनतारखेच्या ओळीने कुणाचं नुकसान होत नाही.

चौथी पायरी: हस्तलिखिताची पानं

माणसांच्या फोटोंइतकीच संविधानाची पानं लावा. रंग तिथेच आहेत. इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी तिरक्या वळणदार अक्षरांत हाताने लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या चमूची. उद्देशिकेच्या पानाची नक्षी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांची.

इथे दोन गोष्टी तपासा. एक, उद्देशिकेचा मजकूर. १९५० च्या पानावर 'सार्वभौम लोकशाही गणराज्य' एवढंच आहे. 'समाजवादी', 'धर्मनिरपेक्ष' आणि राष्ट्राची 'अखंडता' हे शब्द १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आले. नक्षीदार चौकटीत हे शब्द दिसले की ते मूळ पान नव्हे, कुणीतरी संगणकावर नव्याने जुळवलेलं आहे. दोन, 'मूळ प्रतीचा फोटो' हा दावा. मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात निष्क्रिय वायू भरलेल्या पेटीत आहे. आपल्याला मिळतात ती पानं बहुतेक वेळा डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात काढलेल्या प्रतिकृतींवरून स्कॅन केलेली असतात. त्या वेळी अशा १,००० प्रती छापल्या होत्या. ओळीत 'छापील प्रतिकृतीवरून' हे दोन शब्द घाला.

पानं निवडताना भागाचा क्रमांक आणि विषय दोन्ही लिहा. मूलभूत हक्कांच्या तिसऱ्या भागावर राम, लक्ष्मण, सीता; चौथ्यावर कृष्णार्जुन; पाचव्यावर बुद्ध. आमच्याकडे गर्दी होते ती पंधराव्या भागापाशी. तिथे शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत आणि भागाचा विषय आहे निवडणुका. पुढच्याच भागावर टिपू सुलतान आणि झाशीची राणी शेजारी शेजारी. त्यांना एका पानावर पाहून लोक थबकतात, मोबाइल काढतात.

सह्यांचं पान विसरू नका. नेहरूंनी अगदी वरच्या बाजूला सही ठोकली, अध्यक्षांना जागाच उरली नाही, आणि राजेंद्रबाबूंनी मजकूर आणि नेहरूंची सही यांच्या मधल्या फटीत आपली सही तिरकी बसवली. हे पान मोठंच छापा, लहान केलं तर ती गंमत दिसत नाही.

पाचवी पायरी: हक्क

सरकारी छायाचित्रांचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे १९५० पर्यंतचे प्रसिद्ध सरकारी फोटो मोकळे झाले आहेत. खाजगी छायाचित्रकारांचं वेगळं. होमाई व्यारावाला किंवा परदेशी मासिकांचे फोटो दिसायला फार सुरेख, पण संग्रहाला पत्र लिहून परवानगी घेतल्याशिवाय छापू नका.

सहावी पायरी: छपाई

फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी गणित करा. हातभर अंतरावरून बघायच्या फोटोला इंचामागे ३०० ठिपके लागतात. म्हणजे ए-३ आकारासाठी फाइल साधारण ३,५०० बाय ४,९५० पिक्सेलची हवी. तेवढी नसेल तर फोटो लहान छापा. अ‍ॅपमधून 'स्वच्छ' करून घेण्याचा मोह आवरा. ती अ‍ॅप्स धूसर चेहरा साफ करत नाहीत, नवा चेहरा काढून देतात. एकदा अल्लादींना असा काही तरतरीत चेहरा मिळाला, की ते मलाच ओळखू येईनात. रंगही भरू नका.

सनबोर्डवर (फोमच्या कडक फलकावर) मॅट छपाई करून घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट उमटते आणि नेमका नेहरूंच्या कपाळावर पांढरा पट्टा येतो. फोटोचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास, शाळेत असाल तर चार.

सातवी पायरी: ओळ

ओळ मराठीत, तीन गोष्टींपुरती: कोण (डावीकडून, बसलेले, मग उभे), प्रसंग कोणता, फोटो कुठून घेतला. 'थोर', 'महान', 'युगपुरुष' ही विशेषणं भाषणांसाठी ठेवा. ओळ छापण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी फोटोसमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावा, शक्यतो आठवी-नववीतल्या मुलाला. तो डोकी मोजतो.

आणि एक कोरा सनबोर्ड शेवटी टांगा. त्यावर ज्यातले चेहरे अजून ओळखायचे आहेत असा एखादा समूहफोटो लावा, खाली लिहा 'यातले कोण तुमच्या ओळखीचे?' आणि एक पेन्सिल ठेवा. गेल्या वर्षी एका आजोबांनी केशवराव जेध्यांच्या फोटोवर बोट ठेवून तासभर आठवणी सांगितल्या. पेन्सिल मात्र सुतळीने बांधा. आमची पहिल्याच दुपारी गायब झाली होती.