माँ व्हाँतू चढायचाय? आधी हळू चालवा

फ्रान्समधल्या माँ व्हाँतू या डोंगरावर बेद्वाँ गावाकडून सायकलने चढणार असाल, तर पहिले पाच-सहा किलोमीटर मुद्दाम हळू जा. द्राक्षमळ्यांमधला हा रस्ता इतका सोपा वाटतो की पाय आपोआप जोर धरतात. सेंत-एस्तेव्हच्या वळणावर खरा घाट सुरू होतो: शाले रेनार या रस्त्यावरच्या उपाहारगृहापर्यंत जंगलातून जवळपास 10 किलोमीटर, चढ सरासरी 9 टक्क्यांच्या आसपास, मध्ये उसंत नाहीच. इथे बोलता येईल इतकाच वेग ठेवा. वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका करा. त्यासाठी पुढे 34 दातांची चकती आणि मागेही किमान 32-34 दात हवेत. कुणी हसलं तर हसू दे.

शाले रेनारनंतरचे 6 किलोमीटर नुसते उघडे पांढरे दगड. झाड नाही, आडोसा नाही. माथ्यावरच्या वाऱ्याचा अंदाज निघण्याआधीच बघा, आणि मिस्त्राल, म्हणजे इथला उत्तरेकडून येणारा थंड वारा, जोरात असेल तर इथूनच खुशाल परता. वर, सुमारे 1910 मीटरवर, उन्हाळ्यातही घाम क्षणात गार पडतो. विंडचीटर मागच्या खिशात हवाच; उतरताना बोटं बधिर झाली तर ब्रेक दाबणार कसे?