पुराआधी घराच्या विम्याचा कागद वाचावा
तापी, गिरणा किंवा पांझरेच्या काठी घर असेल, तर पावसाळ्याआधी घराच्या विम्याच्या पॉलिसीचा कागद बाहेर काढून त्यात पूर, वादळ, वीज आणि भूकंप यांचा उल्लेख आहे का, हे स्वतः वाचावे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत ही संकटे मुळातच येतात, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामान्य सामानालाही आपोआप संरक्षण मिळते. दागिने मात्र वेगळे नोंदवावे लागतात. रक्कम ठरवताना जागेचा भाव नव्हे, बांधकामाचा आजचा खर्च धरावा. धाब्याच्या जुन्या घराची भिंत वर्षानुवर्षे ओल मुरून खचली, तर ते पुराचे नुकसान ठरत नाही. पाणी ओसरताच, चिखल उपसण्याआधी, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढून कंपनीला लगेच कळवावे.