ईबीटी कार्ड वापरताय? आधी मशीनची कडा ओढून बघा

अमेरिकेत स्नॅपचे, म्हणजे सरकारी अन्नसाहाय्याचे पैसे ज्या ईबीटी कार्डावर येतात, त्या बहुतेक कार्डांना अजून चिप नाही, नुसती काळी चुंबकीय पट्टी असते. दुकानातल्या मशीनवर कुणी नकली झाकण बसवलं, की कार्डाची माहिती आणि पिन दोन्ही चोराकडे जातात. मग खात्यात पैसे जमा व्हायचा अवकाश, लगेच रिकामं! शेजारच्या आजींचं असंच झालं, तेव्हापासून मी त्यांना हे करायला लावते:

१. स्वाइप करण्याआधी मशीनची कडा बोटांनी धरून जरा जोरात ओढा. नकली झाकण किंचित हलतं. बटणं जाड किंवा घट्ट वाटली, बाजूच्या काउंटरवरच्या मशीनपेक्षा हे फुगीर दिसलं, तर तिथे कार्ड वापरूच नका, मॅनेजरला दाखवा.

२. पिन दाबताना दुसरा हात बटणांवर आडोशासारखा धरा.

३. पैसे जमा होण्याच्या आदल्या दिवशी पिन बदला. सगळ्यात जास्त उपयोग याचाच. कार्डामागच्या नंबरवर फोन करून बदलता येतो. १२३४ किंवा जन्मसाल नको.

४. तुमच्या राज्याच्या ॲपमध्ये कार्ड लॉक करायची सोय असेल, तर ते कायम लॉक ठेवा आणि बिलाच्या रांगेतच उघडा.

एक लक्षात ठेवा: २० डिसेंबर २०२४ नंतर चोरीला गेलेले स्नॅपचे पैसे केंद्र सरकारच्या निधीतून भरून मिळत नाहीत.